आजोळच्या पत्त्याचा गुन्हा
(पालकांच्या सभेत झालेले भाषण)



शाळाप्रवेशाचे दिवस जवळ आले म्हणून मला इथे बोलावले आहे. अर्ज, दाखले, पत्त्याचा पुरावा ह्यांविषयी मी शेवटी बोलेनच. पण आधी एका परमुलखातल्या आईची हकीकत सांगतो. ती नीट ऐकून घ्या, कारण पत्त्याचा एक कागद गरिबाच्या जिवावर कसा बेततो हे तिच्यावरून कळते.

अमेरिकेत ओहायो नावाचे राज्य आहे आणि त्यात अ‍ॅक्रन हे शहर. मोटारीचे टायर करणारे कारखाने तिथे एकेकाळी इतके होते की जगाची रबराची राजधानी म्हणून ते शहर मिरवत असे. पुढे बहुतेक कारखाने गेले आणि मजूर मागे राहिले. मुंबईच्या गिरण्यांत ज्यांचे बाप खपले त्यांना हे वेगळे सांगायला नको. ह्या शहरात केली विल्यम्स-बोलर नावाची एक कृष्णवर्णीय बाई दोन मुलींना घेऊन सरकारी घरकुलात राहत होती. संसार एकटीच्या अंगावर. शाळेत मदतनीस म्हणून नोकरी करी, ज्या मुलांना विशेष सांभाळावे लागते अशांना सांभाळी, आणि आपणही शिक्षिका व्हावे म्हणून शिकत होती. तिचे घर चोरांनी फोडले. ही वस्ती मुलींना धोक्याची आहे, असे तिच्या मनाने घेतले.

शहराला लागूनच कॉप्ली नावाची दुसरी वस्ती आहे. तिथली शाळा चांगली, रस्ते शांत. तिथे तिचे वडील राहत असत. म्हणजे मुलींचे आजोळच म्हणा. २००६ साली तिने दोन्ही मुलींची नावे कॉप्लीच्या शाळेत घातली आणि अर्जावर पत्ता लिहिला आपल्या बापाचा.

आता ह्या सभेत आजोळी राहून शिकलेले किती जण आहेत, जरा हात वर करा. पाहा, निम्मी सभा झाली! मीही त्यातलाच. आमच्या गावी चौथीच्या पुढे वर्ग नव्हता, तेव्हा आईने पत्र्याच्या पेटीत दोन सदरे घालून मला मामाकडे धाडले. शाळेच्या वहीत मामाच्या घराचा पत्ता लागला. त्याबद्दल मास्तरांनी मामाला चौकीत बोलावले नाही की माझ्या आईला चोर म्हटले नाही. उलट, भाचा शिकतो आहे म्हणून मामा चारचौघांत सांगत असे. एक फरक मात्र प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. मी मामाकडे खरोखरच राहत होतो. केलीच्या मुली काही दिवस आजोबांकडे आणि काही दिवस आईकडे असत, असे तिचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मानले नाही, आणि तिने भरून दिलेले कागद खोटे ठरवले.

कागद खोटे आहेत हे कळले कसे? शाळेच्या कारभाऱ्यांनी पैसे मोजून एक खासगी गुप्तहेर नेमला. तो मोटारीत बसून ही बाई मुलींना कोठून आणते आणि कोठे नेते ते टिपत असे, त्याची चित्रफीतही घेत असे. बँक लुटणाऱ्यावर ठेवावी तशी ही पाळत कशावर, तर दोन मुलींना सकाळी शाळेत पोहोचवणाऱ्या आईवर! दोन वर्षे मुली त्या शाळेत शिकल्या. मग शाळेने दोन्ही मुलींच्या शिक्षणाचा हिशेब मांडला, तो सुमारे ३०,५०० डॉलर. त्या काळच्या भावाने साडेतेरा लाख रुपयांहून अधिक. एवढी रक्कम तिच्याजवळ कोठून असणार?

खटला उभा राहिला. आरोप दोन जातींचे होते. एक, सरकारी नोंदीत लबाडी केल्याचा. दुसरा ऐकून आपण चकित व्हाल: मोठ्या चोरीचा. काय चोरले? शिक्षण चोरले. ह्या दुसऱ्या आरोपाखाली तिच्या म्हाताऱ्या बापालाही उभे केले. विद्या हे धन चोराला नेता येत नाही, असे आपल्याकडचे शास्त्री पिढ्यान् पिढ्या सांगत आले. चोरता येत नाही म्हणायचे आणि आमच्यापासून मात्र कुलपात ठेवायचे, हा त्यांचा खाक्या आपण पाहिला आहे. ओहायोच्या सरकारी वकिलांनी निदान तोंडदेखले तत्त्वज्ञान तरी केले नाही. त्यांनी सरळ किंमत लावली आणि चोरी म्हटले.

जानेवारी २०११ मध्ये निकाल लागला. चोरीच्या आरोपावर ज्यूरीचे एकमत होईना, पण खोट्या नोंदींचे दोन गुन्हे शाबीत झाले. ओहायोच्या कायद्यात हे भारी गुन्हे आहेत, ज्याला तिकडे फेलनी म्हणतात. शिक्षा झाली पाच-पाच वर्षांच्या कैदेची, दोन्ही एकत्र भोगायच्या. ती स्थगित ठेवून प्रत्यक्षात दहा दिवस तुरुंग, मग काही काळ देखरेखीखाली राहणे आणि ८० तास समाजसेवा. नऊ दिवस तुरुंगात काढून बाई बाहेर आली. दुसऱ्या कोणी असे करू धजू नये म्हणून काही शिक्षा होणे जरूर होते, असे न्यायाधीशबाईंनी सांगितले. पण नऊ दिवसांची गोष्ट नऊ दिवसांत संपत नाही. कपाळावर फेलनीचा डाग बसला म्हणजे शिक्षकाचा परवाना मिळणे दुरापास्त. जी बाई शिक्षिका होण्यासाठी शिकत होती तिच्या वाटेत शाळेच्याच खटल्याने धोंडा टाकला.

तुम्ही म्हणाल, बाईने खोटे लिहिले हे तर खरे ना? होय, खरे. पण एवढ्यावर थांबून चालत नाही. दोन लगतच्या वस्त्यांत सरकारी शाळा एक चांगली आणि एक वाईट का, हे विचारले पाहिजे.

त्याचे उत्तर साऱ्यात आहे. सारा म्हटला की शेतकऱ्याचे कान उभे राहतात, म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. अमेरिकेत सगळा देश मिळून सुमारे १३,००० शाळा-जिल्हे आहेत. जिल्हा म्हणजे आपला कोल्हापूर-सातारा नव्हे. एखाद्या गावाएवढा, एखाद्या उपनगराएवढाही तो असतो. प्रत्येकाची शाळा वेगळी, कारभारी वेगळे आणि कर वेगळा. शाळांच्या पैशातला पुष्कळसा भाग, देशाची सरासरी काढली तर चाळीस टक्क्यांच्या वर, त्या त्या जागेतून गोळा होतो. त्यातही मुख्य कर घरांवर आणि जमिनीवर. म्हणजे ज्या वस्तीत घरे महाग तिथे थोड्या करात शाळेची तिजोरी भरते, आणि ज्या वस्तीत घरे स्वस्त तिथे कर कितीही बसवा, तिजोरी रिकामीच. वरून राज्य सरकार आणि दिल्लीसारखे त्यांचे केंद्र सरकार काही भर घालते, पण सगळी खोच भरून निघत नाही.

ह्याचा सर्वांत चांगला दाखला टेक्सास राज्यातला आहे. सान अँटोनिओ शहरात डेमेट्रिओ रॉड्रिग्ज नावाचा एक पत्र्याचे काम करणारा कारागीर होता. विमानतळावरच्या लष्करी कारखान्यात तो कामाला जाई. मूळ मेक्सिकन वंशाचा. त्याची वस्ती एजवुड. तिथली शाळा मोडकळीला आलेली, पुरते शिकलेले मास्तर मिळत नव्हते. १९६८ साली आधी मुलांनीच शाळेबाहेर पडून निषेध केला, आणि मग रॉड्रिग्ज आणि आणखी काही पालक न्यायालयात गेले. त्या दाव्यात जे आकडे पुढे आले ते मी लिहून आणले आहेत. एजवुडचे लोक आपल्या घरांच्या किमतीवर दर शंभर डॉलरमागे १ डॉलर ५ सेंट असा कर भरत होते. त्या सगळ्या परिसरात हा दर सर्वांत चढा. एवढा कर भरून त्यांच्या हाती दर मुलामागे जे स्थानिक पैसे पडत ते २६ डॉलर. त्याच शहरातली दुसरी वस्ती अलामो हाइट्स, श्रीमंतांची. तिथे कराचा दर शंभरास फक्त ८५ सेंट, आणि दर मुलामागे हाती पडत ३३३ डॉलर!

पुन्हा एकदा सांगतो. गरीब जास्त दराने सारा भरत होता आणि त्याच्या मुलाला २६ मिळत होते. श्रीमंत कमी दराने भरत होता आणि त्याच्या मुलाला ३३३. ओलिताच्या मळ्याला हलका सारा आणि बरड माळाला भारी, असा कोणी कुलकर्णी आकार लावू लागला तर आपण त्याला गावात राहू देऊ काय?

खालच्या न्यायालयात पालक जिंकले. पण १९७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांचा दावा फेटाळला. शिक्षण महत्त्वाचे खरे, पण देशाच्या राज्यघटनेने तो मूलभूत हक्क म्हणून दिलेला नाही, आणि घरपट्टीवर शाळा चालवणे घटनेविरुद्ध नाही, असे बहुमत ठरले. न्यायमूर्ती थरगुड मार्शल ह्यांनी ह्याविरुद्ध कडक निकालपत्र लिहिले. काळ्या मुलांना गोऱ्या मुलांपासून वेगळ्या शाळांत बसवणे १९५४ च्या ज्या निकालाने बेकायदा ठरले, त्या खटल्यातले हे वकील. १९७४ साली डेट्रॉइट शहराच्या दाव्यात पुन्हा पाच विरुद्ध चार असाच निकाल लागला. उपनगरांच्या शाळा-जिल्ह्यांनी स्वतः भेदभाव केल्याचे शाबीत झाल्याखेरीज शहरातली मुले जिल्ह्याची सीमा ओलांडून तिकडच्या शाळांत वाटता येणार नाहीत, असे ठरले. ह्या दोन निकालांनी जिल्ह्याची सीमा पक्की केली. पैसा सीमेच्या आत राहिला आणि मुलेही सीमेच्या आत राहिली.

मग गरीब आईने काय करावे? त्या वस्तीत घर घ्यावे, असे कायदा म्हणतो. घर घेणे म्हणजेच शाळा विकत घेणे. ज्याच्याजवळ पैसे आहेत तो बंगला घेतो आणि त्याच्या मुलाला सरकारी शाळा फुकट मिळते. ज्याच्याजवळ नाहीत तो पत्ता उसना घेतो आणि चोर ठरतो.

आता ओहायोची आणखी एक गोष्ट, आणि माझ्या मते आजच्या विषयातली सर्वांत महत्त्वाची. घरपट्टीवर अतोनात विसंबून शाळा चालवण्याची आमच्या राज्याची पद्धत राज्यघटनेविरुद्ध आहे, असा निकाल खुद्द ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली दिला. राज्याने थोडी डागडुजी केली. २००० साली न्यायालयाने पुन्हा तेच सांगितले. २००२ साली पुन्हा तेच सांगितले. त्यानंतर न्यायालयाने प्रकरणावरचा हात काढून घेतला आणि गाडे बहुतेक जुन्याच चाकोरीत चालू राहिले. २००६ साली केलीने अर्ज भरला तेव्हा तीच पद्धत चालू होती. न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलेली पद्धत वर्षानुवर्षे चालवणारे आमदार, मंत्री, गव्हर्नर ह्यांपैकी एकही माणूस एक दिवसही तुरुंगात गेला नाही. त्या पद्धतीच्या कुंपणाखालून दोन मुली पलीकडे सरकवणारी आई मात्र गेली.

कॉप्लीच्या लोकांची बाजूही ऐकली पाहिजे, नाहीतर आपण एकांगी बोललो असे होईल. ते म्हणतात, आम्ही कर भरतो, आमच्या करावर शाळा चालते. बाहेरची मुले येऊ लागली तर वर्ग भरून जातील आणि खर्च आमच्या माथी पडेल. ह्यात अगदीच तथ्य नाही असे नव्हे. गावातल्या विहिरीवर बाहेरच्या दहा वस्त्यांचे टँकर येऊन उभे राहिले तर आपणही आरडाओरड करू. राहण्याची अट घालणे हेही बेकायदा नाही. १९८३ साली त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने अशी खरी राहणीची अट मान्य केली आहे. आणि शपथेवर खोटे लिहिणे हे खोटेच. मी त्याचे समर्थन करायला उभा नाही. पण चुकीच्या जिल्ह्यात नाव घातले असेल तर नाव काढा, त्या कुटुंबाला झेपेल असा खर्च हप्त्याने मागा. दिवाणी मामला म्हणून सोडवता येईल तिथे फौजदारी कशाला? बांध कोरणाऱ्याला आपण फाशीची मागणी करत नाही, मोजणी आणतो.

आणि ही एकट्या केलीची गोष्ट नव्हे. त्याच २०११ साली कनेक्टिकट राज्यात एका बेघर आईला पकडले. तिने आपल्या पाच वर्षांच्या मुलाला शेजारच्या शहरातल्या बालवर्गात घातले होते, मूल सांभाळणाऱ्या बाईचा पत्ता देऊन. १५,६८६ डॉलरचे शिक्षण चोरल्याचा आरोप तिच्यावर आला. जिने पत्ता दिला तिला सरकारी घरातून बाहेर काढले. त्या आईला पुढे पाच वर्षांची कैद झाली, पण त्यात अमली पदार्थ विकल्याचे वेगळे गुन्हेही होते. हे सांगितल्याखेरीज ती शिक्षा सांगणे बरोबर होणार नाही. तरी मूळ प्रश्न उरतोच, की ज्या पोराला घरच नाही त्याचा खरा पत्ता कोणता? १९८७ पासून अमेरिकेत केंद्राचा एक कायदा आहे, की बेघर मुलाला पत्त्याच्या कागदावाचूनही शाळेने घेतले पाहिजे. कायदा पुस्तकात असतो आणि पोलीस दारात, तेव्हा आधी कोण भेटते हे तुम्ही जाणताच. फिलाडेल्फियातल्या एका बापाने मुलीला सासऱ्याच्या पत्त्यावर शेजारच्या शाळा-जिल्ह्यात घातले. त्याच्यावर २०१२ साली खटला झाला आणि शेवटी दहा हजार डॉलरांहून अधिक भरून तो सुटला. पुन्हा आजोळच!

पाळत ठेवण्याचे वेड विलायतेतही गेले. २००८ साली इंग्लंडात पूल नावाच्या शहराच्या कौन्सिलाने एका कुटुंबावर तीन आठवडे नजर ठेवली. त्यासाठी वापरलेला कायदा भारी गुन्हेगारांवर पाळत ठेवण्याच्या कामी येणारा. आई मुलांना घेऊन कोठे जाते, रात्री दिवा कोठे जळतो, असला तपास. अखेर निघाले काय, तर ते लोक खरोखरच त्या हद्दीत राहत होते! २०१० साली न्यायाधिकरणाने ही पाळत बेकायदा ठरवली. संशय घेणाऱ्यांचे काही गेले नाही, पण लेकरे आपल्याच गल्लीत मागे वळून पाहू लागली असतील.

बंधूंनो, आता घरचे दोन दाखले देतो, कारण अमेरिकेशी आपले नाते जुने आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली गुलामगिरी हे पुस्तक अर्पण केले ते अमेरिकेतल्या त्या सज्जनांना, ज्यांनी काळ्या गुलामांना बंधमुक्त करण्याच्या कामी आपले सर्वस्व वेचले. त्या गुलामांच्या वंशातल्या एका आईला दीडशे वर्षांनंतर शाळेपायी तुरुंग पाहावा लागला, हे जोतीरावांना कसे वाटले असते ते तुम्हीच ठरवा. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन दिले त्याचा गाभाही हाच होता, की सरकारचा वसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा पैसा वरच्या वर्गांच्या मुलांवर खर्च होतो. कर कोणाचा आणि शाळा कोणाची, हा प्रश्न सान अँटोनिओच्या पत्रेवाल्याने विचारला त्याच्या शंभर-एक वर्षे आधीपासून आपल्याकडे विचारला जात होता.

दुसरा दाखला शाहू महाराजांचा. १९१७ साली त्यांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. जो पालक मुलाला शाळेत पाठवणार नाही त्याला महिन्याला एक रुपया दंड. त्यापूर्वी १९०६ साली सयाजीराव महाराजांनी सगळ्या बडोदे संस्थानात सक्ती केली, तिथेही दंड होता. त्या दंडाबद्दल आपले आजे-पणजे कुरकुरले असतील. गुरे कोण राखणार, माग कोण चालवणार, हा सवाल खराच होता. पण त्या दंडाचा रोख पाहा. पोर शाळेत ये, नाहीतर बापाला दंड. ओहायोच्या शिक्षेचा रोख उलटा. पोर ह्या शाळेत आले, म्हणून आईला तुरुंग. आणि गंमत अशी की शाळेत न पाठवण्याबद्दलची शिक्षा तिकडेही आहेच. २०१४ साली पेनसिल्व्हेनियात सात मुलांची एक आई मुलांच्या गैरहजेरीचा दंड भरू शकली नाही म्हणून दोन दिवसांच्या कैदेत गेली आणि तुरुंगातच वारली. पाठवले नाही तरी कैद, भलत्या दारात पाठवले तरी कैद.

केलीचे पुढे काय झाले, असे बायाबापड्या मघापासून खुणेने विचारत आहेत. निकालानंतर देशभर गवगवा झाला, लोकांनी तिच्या बाजूने सह्यांचे अर्ज धाडले. माफी देऊ नये, अशी राज्याच्या मंडळाने एकमताने शिफारस केली. तरी गव्हर्नर जॉन केसिक ह्यांनी सप्टेंबर २०११ मध्ये तिचे दोन्ही भारी गुन्हे खालच्या प्रतीचे करून टाकले. म्हणजे डाग पुरता पुसला नाही, फिका झाला. नंतर ती बाई पालकांच्या हक्कांसाठी सभा-समित्यांतून बोलू लागली. कनेक्टिकट राज्याने २०१३ साली कायदा बदलला आणि शाळेतली जागा चोरीच्या व्याख्येतून काढली. ओहायोने २०२१ साली शाळांना पैसे वाटण्याची नवी रीत आणली. तीत वस्तीतल्या घरांच्या किमतीबरोबर तिथल्या लोकांची कमाईही धरतात, आणि ती टप्प्याटप्प्याने लागू करावयाची ठरले. पण पुष्कळ राज्यांत खोट्या पत्त्याबद्दल पालकावर फौजदारी होऊ शकते, आणि मागे माणसे लावण्याचा धंदाही चालू आहे.

आता आपले. आपल्याकडे जिल्हा परिषदेची शाळा घरपट्टीवर चालत नाही, हे आपले भाग्य समजा. वयाचा दाखला नाही म्हणून मूल परत पाठवता येत नाही, हे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात लिहिले आहे. पण त्याच कायद्याने खासगी शाळांत जे २५ टक्के राखीव प्रवेश गरिबांना मिळतात, त्यांत घरापासून शाळेचे अंतर मोजतात, आणि तिथे आपलेही लोक पत्त्याच्या फंदात पडतात. कोणी दलाल सांगतो, मी भाडेकरार करून देतो, एवढे पैसे टाका. मी स्पष्ट सांगतो, असल्या माणसाच्या नादी लागू नका. उद्या तपासणी झाली की दलाल पसार होतो, प्रवेश रद्द होतो, गुन्हा दाखल होण्याची पाळी तुमच्यावर येते, कारण सही तुमची. पैसा गेला, वर्ष गेले, आणि पोराला वर्गात सर्वांदेखत उठवले जाते. ते त्याच्या मनातून जन्मभर जात नाही.

आणि दहा कोस दूरच्या शाळेचा पत्ता शोधण्याइतकी पायपीट करता, तर तेवढे पाय गावच्या शाळेकडेही वळवा. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत आणि निम्म्या बायका असाव्यात, असा कायदा आहे. आपल्या समितीत कोण आहेत हे इथे बसलेल्या किती जणांना ठाऊक आहे? हात वर करा म्हणत नाही, मघाशी आजोळासाठी झाले तेवढे होणार नाहीत. मास्तर किती मंजूर आहेत, हजर किती, छताचे पैसे आले त्याचे काय झाले, हे विचारण्यासाठी कोणाचा पत्ता उसना घ्यावा लागत नाही.

ज्यांना प्रवेशअर्ज भरायचे आहेत त्यांनी कागद घेऊन पुढे यावे. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी लाजू नये. पत्त्याच्या रकान्यात काय लिहिले आहे आणि खाली कशावर सही होते आहे, ते मी एकेकाला वाचून दाखवीन, मगच अंगठा उठवा. भाड्याने राहणाऱ्यांनी करार बरोबर आणला असेल तर तोही दाखवा.